चिखलाचा वाडगा

आमच्या घराण्याची रीत अशी की, राज्याची वाटणी थोरल्यानं करायची आणि आधी निवड धाकट्यानं. जर्मन मुलखातली आमची डची, म्हणजे ड्यूकची जहागीर, ती केवढीशी! पण वडील गेले आणि मला तिचे दोन वाटे करावे लागले. एकात चांदीची खाण आणि द्राक्षमळे, दुसऱ्यात नुसती दलदल.

धाकटा गेरोल्ड वडिलांचा लाडका. लहानपणापासून माझ्या हातात असेल तेच त्याला हवं असायचं, आणि ते मिळायचंही. म्हणून मी महिनाभर दरबारात दलदलीचंच कौतुक करत फिरलो. तिथली बदकं काय, मासे काय!

निवडीच्या दिवशी बिशपनं दोन वाडग्यांत दोन्हीकडची माती ठेवली. गेरोल्डनं थेट काळ्या चिखलात हात घातला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

हात पुसत तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, खाण हवी होती तर सरळ मागायचीस. मी नाही म्हटलं असतं का?"

थापा! चांदीवर असं कोण पाणी सोडतं? आता खाण माझी आहे, मळे माझे आहेत. पण दलदलीकडून येणारा जो तो सांगतो, धाकटे ड्यूक मजेत आहेत. ऐकलं की माझं पित्त खवळतं.

तो चिखलाचा वाडगा मी गुपचूप उचलून आणलाय. चिखल केव्हाच वाळला. दार लावून घेतो आणि बोटांनी ढेकळं फोडत बसतो. काहीतरी असणारच यात. उगाच का त्यानं हात घातला?