दुमडलेली मतपत्रिका

रिटर्निंग ऑफिसरने मतपत्रिका मधोमध दुमडली आणि वरचा भाग तेवढा टेबलावर दिसू दिला. उमेदवारांची नावं आणि फुली त्याच्या तळहाताखाली राहिली. मत कोणाला आहे हे कळलं की माणसं आपल्या सोयीचं बोलू लागतात, असा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

"डॉक्टर, इथे वर काहीतरी लिहिलंय. तुमच्या भाषेतलं दिसतंय," तो म्हणाला. "कोणाचं नाव आहे का हे?"

पद्माकर पुढे वाकला. लंडनच्या स्टॅनमोरमधल्या शाळेच्या त्या हॉलमध्ये सकाळपासून दोनदा मोजणी झाली होती. कौन्सिलच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक, उमेदवार दोघंच. एक नुकताच रिटायर झालेला जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर, पद्माकर आणि दुसरी शाळामास्तरीण मार्गारेट. दोघांना नऊशे बारा, नऊशे बारा. ही एकच मतपत्रिका उरली होती. ती धरली तर ज्याचं हे मत तो कौन्सिलर. पण मतदार कोण ते ओळखू येईल असं काही तिच्यावर असेल तर ती बाद. मग बरोबरी, आणि चिठ्ठ्या टाकायच्या.

कागदावर 'श्री' लिहिलेलं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा. वेलांटी पार खालपर्यंत ओढलेली आणि शेवटी गाठ मारावी तशी वळवलेली. असं श्री लिहिणारा माणूस पद्माकरच्या माहितीत एकच होता. उदय.

मिरजेच्या मेडिकल कॉलेजपासूनची दोस्ती. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात दोघं बरोबर लागले आणि पहिला हिवाळा दोघांनी एका जाड कोटावर काढला, ज्याची नाइट ड्यूटी त्याच्या अंगावर कोट. पुढे पद्माकरने स्वतःचा दवाखाना काढला, तेव्हा अपॉइंटमेंट बुकच्या पहिल्या पानावर उदयनेच असं वेलांटी वळवून श्री लिहिलं होतं. तो कोणाचंही नवं काही सुरू होताना गप्प बसायचा नाही. आधी पेन मागायचा.

मग तीन वर्षांपूर्वी उदय इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. पद्माकरने हातावर हात मारून त्याला शब्द दिला आणि मत दिलं भलत्यालाच. त्या भलत्याशी त्याला गोडीत राहायचं होतं, एवढंच कारण. उदय चार मतांनी पडला. महिन्याभरात त्याच्या कानावर सगळं गेलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो फोनवर नुसता "बरं" म्हणाला आणि यायचा थांबला.

या निवडणुकीत पद्माकरने दुखऱ्या गुडघ्यानिशी शेकडो दारं वाजवली. उदयचं दार मात्र त्याने टाळलं. तिथलं पत्रक पद्माकरच्या बायकोने, वैजयंतीने, लेटरबॉक्समधून आत सरकवलं.

"एकदा बेल तरी वाजव," ती म्हणाली होती. "तू गेलास तर तो नाही म्हणणार नाही."

"तो कशाला देतोय मला मत? त्याच्या जागी मी असतो तर दिलं नसतं."

हे मात्र अगदी खरं होतं.

"डॉक्टर?" ऑफिसरने पुन्हा विचारलं.

नाव नाही, आमच्याकडे शुभ म्हणून लिहितात, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण तळहाताखालची फुली पद्माकरला जणू कागदाच्या आरपार दिसत होती. ती मार्गारेटच्या नावापुढे होती. असणारच. तीन वर्षं वाट बघून उदयने हिशेब चुकता केला होता आणि वर साळसूदपणे श्रीसुद्धा लिहिलं होतं.

"नाव नाही," पद्माकर म्हणाला. "पण हे अक्षर मी ओळखतो. कोणाचं ते खात्रीने सांगू शकतो."

"नको, सांगू नका," ऑफिसर घाईने म्हणाला. त्याने दुमडलेल्या मतपत्रिकेवर बाद असा शिक्का मारला आणि ती पाकिटात सरकवली. मार्गारेटने पद्माकरचा हात हातात घेतला. ते मत तुमचंही असू शकलं असतं, तरी तुम्ही खरं तेच सांगितलंत, असं ती मनापासून म्हणाली. पद्माकरला तेव्हा थोडं बरंही वाटलं.

चिठ्ठी मार्गारेटची निघाली.

बाहेर कार पार्कमध्ये उदय उभा होता. केस पार पिकले होते. हातात थर्मास होता. पद्माकरची पावलं जागीच थांबली.

"वैजयंतीचा फोन आला होता, की तू सकाळपासून काही खाल्लं नाहीयेस," उदय म्हणाला आणि झाकणात चहा ओतू लागला. "टाय होऊन चिठ्ठीवर गेलं म्हणे. मग त्याला कोण काय करणार? मनाला लावून घेऊ नकोस."

"उदय, मंडळाच्या वेळी मी..."

"ते राहू दे रे. खूप दिवस राग होता, खोटं कशाला बोलू? मग काल बूथमध्ये गेलो आणि तुझं नाव छापलेलं पाहिलं." त्याने चहा पद्माकरच्या हातात दिला. "म्हटलं, पद्माकरचं पहिलंच इलेक्शन आहे. आधी वर श्री लिहिलं आणि मग तुझ्यापुढे क्रॉस केला."