घड्याळ, नकाशा, जमीन

घार समोरची काच फोडून आत आली आणि कॅप्टन विजयकुमारांच्या तोंडावर आदळली.

ऊर्मीला आधी आवाज कळला, मग वारा. तो इतक्या जोरात आत घुसला की तिचा हेडफोन उडून मागं गेला. शेजारच्या सीटवर सर तोंड दाबून वाकले होते. बोटांमधून रक्त गळत होतं, रक्ताला पिसं चिकटली होती. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल.

२००३ सालचा फेब्रुवारी. दोन सीटचं ते विमान चेन्नईतल्या एका फ्लाइंग क्लबचं. ऊर्मी अवाडीच्या रणगाडा कारखान्यातल्या फोरमनची मुलगी, उड्डाणाचे तास एकतीस. सर तिचे प्रशिक्षक, हवाई दलातून निवृत्त झालेले, सहा हजार तासांचे. दक्षिणेला तिंडिवनम गावावरून वळून परत यायचं, तेही फक्त नकाशावर वाट काढत, एवढाच त्या सकाळचा धडा होता.

"आधी घड्याळ बघायचं, मग नकाशा, आणि सगळ्यात शेवटी जमीन," निघताना सरांनी बजावलं होतं. "उलटं केलंस की फसलीस. या मुलखात जिकडंतिकडं तळी. घाबरलेल्या माणसाला कुठलंही तळं हवं तेच वाटतं."

आता ते एका डोळ्यानं खाली बघत होते.

"चेंबरमबाक्कम!" वाऱ्यावर मात करत ते ओरडले. "ते बघ तळं! उजवीकडं वळ! पाच मिनिटांत विमानतळ!"

खाली खरंच मोठं तळं होतं. लांबलचक बांध, उन्हात चकाकणारं पाणी. ऊर्मी वळली. सरांचं रक्त थांबत नव्हतं, आणि पाच मिनिटं हे शब्द तिलाही हवेच होते.

वळता वळता तिचं लक्ष मनगटावर गेलं. तिंडिवनम सोडून जेमतेम चौदा मिनिटं झाली होती. चेंबरमबाक्कमला पस्तीस तरी लागली असती. तिनं मांडीखालचा नकाशा ओढला. त्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. आखलेल्या रेघेवर चौदा मिनिटांपाशी गाव होतं मदुरांतकम. तिथंही तळं होतं, आणि तळ्याला लागून रेल्वे. तिनं खाली पाहिलं. बांधाच्या पलीकडून रूळ जात होते. म्हणजे उजवीकडं विमानतळ नव्हताच. उजवीकडं कल्पाक्कमची अणुभट्टी होती, विमानांना सक्त बंदी असलेली.

"सर, हे मदुरांतकम आहे!" तिनं विमान पुन्हा उत्तरेला घेतलं.

"मूर्ख मुली, वळ म्हणतो ना!"

त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या बाजूचं कंट्रोलचं चाक धरलं आणि पिळलं. विमान कुशीवर पडलं, नाक खाली गेलं, शेतं अंगावर आल्यासारखी मोठी होऊ लागली. ती जिवाच्या आकांतानं उलटं ओढत होती, पण त्यांचं बळ जास्त होतं. तिनं एक हात सोडला, मूठ वळली आणि त्या रक्ताळलेल्या तोंडावर हाणली. काहीतरी मोडल्याचं तिच्या बोटांना जाणवलं. तिनं पुन्हा हाणली. मग पुन्हा. सरांची मान दारावर कलंडली.

विमान वर घेईपर्यंत झाडांचे शेंडे वेगवेगळे दिसायला लागले होते.

मग ती रुळांच्या कडेनं उडत राहिली. कोरडी पालार नदी गेली, चेंगलपट्टू गेलं, तांबरम गेलं. शेजारी बघायची तिची छाती होत नव्हती. रेडिओविना आलेल्या विमानाला उतरायची परवानगी देणारा हिरवा दिवा टॉवरवरून चमकला तेव्हाही ती समोरच बघत होती.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. सरांचा डोळा गेला होता. नाकावर पट्टी होती.

"सर, मी रिपोर्टात खोटं लिहिलंय," ती दारातूनच म्हणाली. "एकदाच मारलं असं लिहिलंय. मी तीनदा मारलं."

"माहीत आहे. पहिल्याच ठोशाला मी भानावर आलो. आपल्याला धड दिसत नाही हे कळलं आणि चाक तेव्हाच सोडलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही गेलात असं समजून मी शेवटपर्यंत विमान चालवलं, सर!"

सरांनी पट्टीआडून तिच्याकडं एक डोळा वळवला.

"बोललो असतो, तर तू पुन्हा माझं ऐकलं असतंस."