बाहेरची कडी

जोतीरामने पिशवी उचलली आणि तो दारापर्यंत गेला. त्याची आई, धोंडुबाई, हॉलमधल्या खुर्चीवरून उठली नाही.

मलकापुरात बुद्धविहाराला लागूनच हे घर आहे. मनोरुग्णांच्या दवाखान्यातून बऱ्या होऊन सुटलेल्या, पण अजून घरी न परतलेल्या बायका इथे राहतात. स्वयंपाक मिळून करतात, आपल्या गोळ्या आपण घ्यायला शिकतात. सकाळच्या वंदनेला सगळ्यांनी बसायचं, एवढाच नियम. धोंडुबाई कपाळाला बिरोबाचा भंडारा लावून वंदनेला बसायची. त्यावर कधी कुणी काही बोललं नव्हतं.

आज वंदना आटोपली, पोहे झाले, आणि जोतीराम कडेगावकडच्या वाडीवरून ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आला. त्याला मुलगी झाली होती. आईला न्यायचं असं फोनवर ठरलं होतं.

घराचं सगळं बघणाऱ्या आम्रपालीताई समोर बसल्या होत्या. घरी निघालेल्या प्रत्येकीला त्या एक प्रश्न विचारत, तो त्यांनी विचारला.

"मावशी, जायचं का राहायचं, ते तुमच्या तोंडानं सांगा. त्याच्याकडं बघू नका."

"जायाचं हाय. नात बघायची हाय," धोंडुबाई म्हणाली. मग मुलाकडे वळली. "मागच्या खोलीच्या दाराला भाईरनं कडी हाय न्हवं अजून?"

स्वयंपाकघरात धोंडुबाईच्या खोलीत राहणारी राणी भांडी घासत होती. तो आवाज थांबला.

जोतीरामने पिशवी खाली ठेवली. "हाय. पर आता कोण लावतंय, आये?"

"आता न्हाई. पर हाय न्हवं?"

त्याने आम्रपालीताईंकडे पाहिलं.

"ताई, तुमाला सांगतो. आमच्या वाडीवर विहिरींना कठडं न्हाईत. ही रातची उठून पाण्याकडं जायाची. एकदा तर गुडघ्याएवढ्या पाण्यातनं वढून आणली मी. कडी लावली नसती तर ही आज हितं बसली नसती."

"खरं हाय त्येचं," धोंडुबाई म्हणाली. "त्येनं लावली म्हणून मी हाय." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर मी आतनं हाका मारायची, तवा त्यो दाराच्या पलीकडंच बसलेला असायचा. त्येचा खोकला यायचा मला ऐकू."

जोतीरामने खिशातून मोबाईल काढला आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला. खांद्यावर बाळ घेतलेली शिवांजली दिसली.

"तिला पाळण्यात ठेव जरा. कोनाड्यातला स्क्रूड्रायव्हर घे, मागच्या दाराची कडी काढ."

"आत्ता?"

"आत्ता. आय बघती हाय."

शिवांजलीने मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवला. तिरपं दार दिसू लागलं आणि तिची पाठ. बाळ रडायला लागलं. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला वेळ लागला. चौथ्यावर मात्र स्क्रूड्रायव्हर नुसता घसरत राहिला. कडी त्या एका स्क्रूवर खाली लोंबकळली.

"झिजलाय ह्यो," ती वळून म्हणाली. "फिरतच न्हाई."

तिने परत जोर लावला. बाळाचा आवाज चढला होता. धोंडुबाईने मुलाच्या हातातला मोबाईल घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"पोरी, ऱ्हाऊ दे त्ये. आदी तिला घे. भुकंजलीय ती."

शिवांजली उठली. पाळण्याकडे जाता जाता थांबली. "आत्ती, तुमी येताय न्हवं?"

मोबाईलमध्ये आता नुसतं दार होतं.

"येते," धोंडुबाई म्हणाली.

"गाडीत पक्कड हाय," जोतीराम म्हणाला. "गेल्या गेल्या काढतो मी त्यो स्क्रू."

"काढ."

आम्रपालीताईंनी गोळ्यांची डबी तिच्या हातात दिली, जोतीरामच्या नाही. "मावशी, तिकडं जमलं न्हाई तर सरळ निघून यायचं. कुणाला विचारत बसायचं न्हाई."

"व्हय."

राणी ओल्या हातांनीच बाहेर आली होती. तिने धोंडुबाईच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती आत निघून गेली.

जोतीरामने आईला पुढच्या सीटवर बसवलं. लुगड्याचा घोळ आत सारला, बाहेरून दार लावलं. वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसला आणि किल्ली फिरवली.

"थांब जरा," धोंडुबाई म्हणाली.

आतल्या बाजूने ती दार चाचपू लागली. जोतीराम दाखवायला वाकला, तसा तिने त्याचा हात बाजूला केला. खटका तिला सापडला. तिने दार सताड उघडलं. एक पाय जमिनीवर टेकवला, परत आत घेतला. मग दार स्वतःच ओढलं. ते नीट लागलं नाही. तिने पुन्हा उघडून जोराने ओढलं.

"हां," ती म्हणाली. "आता चल."