उसनी डोकेदुखी

पट्टा डोक्याला बांधून घेताना विष्णुपंत बुधकर हसतच होते. म्हातारी माणसं डॉक्टरसमोर 'तसं बरंय' एवढंच म्हणतात, म्हणून साठीपुढच्या पेशंटचं दुखणं आता घरच्या माणसानं पट्ट्यातून स्वतः सोसून सांगायचं असे. बायकोच्या डोकेदुखीचा पंतांचा हिशेब मात्र आधीच तयार होता: निम्मी चहा चुकल्यामुळे आणि निम्मी त्यांची बहीण अक्का मुक्कामाला आल्यामुळे.

डॉक्टर मुजावरांनी बटण दाबलं आणि पंतांचं हसू पळालं. उजव्या कानशिलात कुणीतरी घण घालत होतं.

"मालतीकाकू, आता ही चिक्की चावा."

काकूंनी दोनदा चावली आणि पंतांनी स्वतःचाच जबडा घट्ट धरला. "अगं, थांब! कधीपासून आहे हे?"

"दीड महिना. तुम्हीच म्हणालात ना, अक्का गेली की थांबेल. वन्सं जाऊनही चार दिवस झाले."

"चावताना जबडाही दुखतोय, म्हणजे कानशिलाची रक्तवाहिनी सुजलीय," डॉक्टर घाईनं इंजेक्शन भरत म्हणाले. "आणखी आठवडा काढला असतात, तर काकूंची नजर गेली असती. आता बहुतेक वाचेल. काका, पट्टा काढा."

पंत काढेनात.

"अहो, त्यानं त्यांचं दुखणं कमी होत नाही."

"ठाऊक आहे. तिचं थांबेपर्यंत राहू दे."

काकूंनी नवऱ्याकडे डोळे भरून पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून हळूच विचारलं, "हा पट्टा घरी न्यायला मिळतो का हो? वन्सं गुरुवारी परत येतायत."