दुसरी शेगडी

"सासू अजून इथंच राहते ना?" वाल्टर पाशेकोने विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच पेनाचं टोपण काढलं. तो नगरपालिकेचा बांधकाम निरीक्षक. वर्षातून एकदा यायचं, ओडेटच्या तळघरातलं बिऱ्हाड नजरेखालून घालायचं, सही ठोकायची आणि म्हाताऱ्या एर्मेलिंडाच्या हातची कॉफी पिऊन निघायचं, एवढंच त्याचं इथलं काम.

"राहतात," ओडेट म्हणाली. "पण आता सासू नाहीत. मार्चमध्ये माझा आणि हेल्डरचा घटस्फोट झाला."

शेगडीपाशी उभ्या एर्मेलिंडाचा सूप ढवळणारा हात थांबला. "कशाला सांगितलंस? त्याने हेल्डरचं नावसुद्धा काढलं नव्हतं."

कशाला, ते ओडेटलाही ठाऊक नव्हतं. कोर्टातून आल्यापासून तिला राग येत नव्हता की रडू येत नव्हतं. खोटं बोलायला जेवढी हुशारी लागते तेवढीही अंगात उरली नव्हती. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, इतकंच चाललं होतं.

पाशेकोने खुर्ची ओढली. माणूस भला होता, पण सरकारी होता. "ओडेट, नियम तुला माहीत आहे. एका घरात दुसरं बिऱ्हाड काढायचं तर ते नात्यातल्या माणसासाठी. रक्ताचं नातं, नाहीतर लग्नाचं, नाहीतर दत्तक. भाडेकरू चालत नाही."

"मी भाडं देत नाही," एर्मेलिंडा म्हणाली.

"मग तर तुम्ही कुणीच होत नाही, डोना एर्मेलिंडा. मुलाकडे नाही जाता येणार?"

"फ्लोरिडात त्याच्याकडे एक खोली आहे आणि एक बाई आहे. दोन्हींत मला जागा नाही."

पाशेको ओडेटकडे वळला आणि त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, तू हिला ठेवायला नाही म्हणालीस तर तुला कुणी नावं ठेवणार नाही. हिने तुला कसं वागवलं ते अख्ख्या चर्चला माहीत आहे. मी महिन्याची नोटीस देतो. वाईटपणा माझ्याकडे."

"मी बहिरी नाही रे, वाल्टर."

ओडेट शेगडीकडे बघत होती. जुनी, पांढरी, एका कोपऱ्यात टवका उडालेली शेगडी. नवरा गेल्यावर एर्मेलिंडाने घर विकलं, पलंग विकला, सगळं विकलं. ही तेवढी ट्रकात घालून इथं आणली. त्यानंतर एका छपराखाली दोन चुली पेटत आल्या. नाताळ आणि ईस्टरला म्हातारी वर जेवायला यायची, दोन घास चिवडायची आणि खाली येऊन आपलं सूप प्यायची. ओडेटच्या पानावर बसून पोट भरलं असं कुणी म्हणायला नको.

"शेगडी काढली तर?" ओडेटने विचारलं.

पाशेकोने चष्मा वर सरकवला. "तर मग हे बिऱ्हाडच नाही. नुसती खोली. तुझ्या घरातल्या खोलीत तू कुणाला ठेवतेस याच्याशी आम्हाला काय करायचंय? नियमाला शेगडी तेवढी दिसते."

"मी कुणाच्या हातचं खात नाही," एर्मेलिंडा म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"नका खाऊ," ओडेट म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. "शेगडी काढायची. सोमवारी माणूस बोलावते मी."

"बघ हं. नीट विचार कर," पाशेको म्हणाला.

"केला."

तिने विचारबिचार काही केला नव्हता. म्हातारीला रस्त्यावर काढायचं म्हणजे कुणाशी तरी भांडायला हवं, सामान बांधायला हवं, दारात उभं राहायला हवं. ते सगळं तिच्याच्याने होणार नव्हतं. यालाच कुणी दया म्हणत असेल तर म्हणो बापडा.

"मग गॅस मी आत्ताच बंद करतो, म्हणजे 'शेगडी बंद' असं मला खरं लिहिता येईल," असं म्हणत पाशेको गुडघ्यावर बसला आणि शेगडीमागे हात घालून त्याने चावी फिरवली. पातेल्याखालची ज्योत बसत बसत विझली. सुपातला हिरवा पाला आणि घेवडा अजून अर्धाकच्चा होता. त्याने सही केली. कॉफीचं या खेपेला कुणी विचारलं नाही.

तो गेल्यावर ओडेटने दोन फडकी घेतली, पातेलं उचललं आणि आतल्या जिन्याने ती वर गेली. तिच्या शेगडीवर वकिलाची पाकिटं, दुकानांच्या जाहिराती आणि बरीच न उघडलेली पत्रं साठली होती. कोपराने ती बाजूला सारून तिने पातेलं ठेवलं आणि खाली गॅस पेटवला.

बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली. एर्मेलिंडा दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरच थांबली. एरवी तिने आत येऊन झाकणं उचलली असती, नाक मुरडलं असतं, काहीतरी लागट बोलली असती. आता दोन्ही हात ॲप्रनमध्ये गुंडाळून ती नुसती उभी होती.

सुपाला उकळी आली. पाला मऊ झाला. ओडेटने चमचा तिच्यापुढे धरला. म्हातारीने तो घेतला नाही.

"मीठ तू बघ," ती म्हणाली. "चूल तुझी आहे."

ओडेटने चमचाभर सूप फुंकून तोंडात घातलं. चव लागली नाही. किती तरी महिने कशाचीच लागत नव्हती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.