दोन्ही काठांच्या सह्या

"ताई, मागच्या दारानं चला. तो होडीवाला अजून बाहेरच बसलाय," पीए दार लोटून घेत म्हणाला.

आमदारबाईंनी नुकताच उघडलेला डबा पुन्हा बंद केला. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. चार वाजता घंटा झाली की सभागृह उठणार, आणि अर्थमंत्र्यांनी सकाळीच बजावलं होतं, "बाई, तुमच्या मतदारसंघातलं एकच काम घेईन. मला यादी नको, एक नाव द्या. दोनच्या आत."

नाव त्यांच्या मनात केव्हाच ठरलं होतं: नदीवरचा पूल. अडचण तेवढी बाहेर बाकड्यावर बसली होती.

अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव यांना जोडणारी एकुलती एक होडी त्याची. पूल झाल्यावर होडीचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तीन दिवस तो भल्या सकाळी येऊन बसत होता, मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गाठोडं घेऊन.

"म्हणतो काय?"

"पुलाचं ताईंशीच बोलायचंय, एवढंच. कागद आणलेत, पण दाखवत नाही. विरोधाचं निवेदन असणार, दुसरं काय? त्याच्या पोटावर पाय येतोय."

दुसरा कोणी असता तर बाईंनी दोन गोड शब्द बोलून वाटेला लावला असता. राजकारणात तेवढं जमावंच लागतं. पण पहिल्या प्रचाराच्या वेळी, भर दुपारी, होडीत चढताना पाय घसरून त्या थेट नदीत पडल्या होत्या. काठावर चिटपाखरू नव्हतं. याच माणसाने त्यांना दंडाला धरून वर ओढलं होतं. मग साडी वाळेपर्यंत तो होडी पाण्यात उगाच फिरवत राहिला, आणि आजतागायत कोणापाशी एक अक्षर बोलला नव्हता. विरोधकांना कळतं, तर 'बुडालेला उमेदवार' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी अख्खी निवडणूक काढली असती.

अशा माणसाच्या पोटावर पाय द्यायचा, आणि वर मागच्या दाराने पळायचं. बाईंना स्वतःची लाज वाटली.

टेबलावर दुसरी फाईल होती, शहरातल्या नाट्यगृहाची. त्याने कोणाचंच वाकडं होणार नव्हतं. वर कोनशिलेवर नाव लागलं असतं.

"नाट्यगृह लिहून टाकू का रे?"

पीएने पुलाची फाईल पुढे सरकवली. तीत पूल मागणारं निवेदन होतं, अधिवेशन सुरू झालं त्याच आठवड्यात टपालाने आलेलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, सह्या मात्र दोन हजार एकशे बारा. त्या दोन गावांमधून विस्तव जात नव्हता. इथे मात्र एकाच कागदावर अलीकडचा मुख्याध्यापक, त्याखाली पलीकडची सुईण, मग दोन्हीकडचे दुकानदार एकाआड एक.

"मुख्याध्यापकांचं अक्षर बघा, कोंबडीचे पाय," पीए म्हणाला. "सगळ्यांचंच तसं. पण ताई, ज्यानं हे जमवलं तो सापडला तर पुढच्या वेळी प्रचार त्याच्याकडेच द्या. मी राजीनामा देतो."

बाई कागद चाळत राहिल्या. सुईणीने सहीपुढे एक ओळ लिहिली होती: 'बाळ काही पाणी उतरायची वाट बघत नाही.' बाईंनी ती दोनदा वाचली, चिठ्ठीवर 'पूल' लिहिलं आणि मागच्या दाराने मंत्र्यांकडे गेल्या.

पावणेचारला अर्थमंत्री उत्तराला उभे राहिले. लांबलचक यादीत शेवटून तिसऱ्या क्रमांकावर पूल आला. बाईंनी बाक असं वाजवलं की शेजारच्या सदस्याची झोप उडाली आणि त्यानेही न समजता वाजवायला सुरुवात केली. घंटा झाली. बाहेर पडताना मात्र त्यांना ते बाकडं आठवलं.

"आता पुढच्या दारानं," त्या पीएला म्हणाल्या. "काय ऐकवायचं ते ऐकवू दे."

होडीवाला त्यांना बघून उठला.

"काका, पूल मंजूर झाला. तुम्हाला आधी भेटायला हवं होतं, मी टाळलं. चुकलंच माझं. पण तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. पुलावर राखणदाराचं काम असेल, नाहीतर दुसरं काही..."

"मंजूर म्हणजे नक्की?" त्याने मध्येच विचारलं.

"नक्की. सभागृहात वाचून झालं."

तो परत बाकड्यावर बसला. डोळे पुसले, आणि गाठोडं सोडून त्याने कागद पीएच्या हातात दिले.

पीएने पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला. "ताई, हे विरोधाचं नाही. पूल हवा म्हणून आणखी तीनशे सह्या आहेत."

"पहिले कागद टपालात टाकल्यावर मिळालेल्या," होडीवाला म्हणाला. "माझी लेक पलीकडं दिलीय, ताई. दिवसातून वीस वेळा तिकडं जातो, पण काठावर माणसं खोळंबलेली, होडी वळवावीच लागते. बारा वर्षांत तिच्या घरी बसून चहा प्यालो नाही. आता चालत जाईन."

बाईंनी ते कागद हातात घेतले. "म्हणजे त्या दोन हजार सह्यासुद्धा तुम्हीच? ही माणसं तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कशी तयार केलीत?"

"त्यात काय अवघड?" होडीवाला पहिल्यांदाच हसला. "होडी मधोमध न्यायची आणि वल्ही उचलून मांडीवर ठेवायची. सही केल्याशिवाय माणूस जातोय कुठं?"