लाल कडं

कीर्तन ऐन रंगात आलं आणि टाळ वाजवणाऱ्या भिवराच्या मनगटावरचं कडं लाल झालं. तिचं खाली सरकणारं गर्भाशय सावरून धरणारी, दवाखान्यात नुकतीच आत बसवलेली वाटीसारखी रिंग पाळीच्या रक्ताने भरत आल्याची ती खूण.

"विटाळात देवापुढं बसतीस, सटवे?" लाल कडं पाहून नवऱ्याने तिला केसांना धरून मंडपामागे फरफटत नेलं आणि ओटीपोटात लाथ घातली.

एरवी एवढ्याने तिचं अंग बाहेर येई, लुगडं रक्ताने भिजे, ती कोसळून पडे. आज रिंग आतल्या आत आवळली. थेंबही सांडला नाही.

"पड की!" तो ओरडला.

"आता नाही पडायची, धनी." तिने टाळ त्याच्या तोंडावर हाणला. दात मातीत पडले.

आडोशाला रिंग रिकामी करून, टाळ पुसून ती पुन्हा जागेवर बसली. टाळ जरा चिरका वाजत होता, पण ताल चुकत नव्हता.